उजवा चौथा दरवाजा

लवकरच, असं लिहिलंय त्यांनी.
गेल्या रमजानातही लवकरचच लिहिलं होतं.
मीही घरी फोनवर हाच शब्द वापरतो,
म्हणून रागावता येत नाही.

चाळीस जीबी जागा मोकळी करून ठेवलीय तेव्हापासून,
लग्नाची फिल्म पेनड्राइव्हवर हलवून.
रेश्माला हे अजून सांगितलेलं नाही.

बुसैतीन, तिसरा मजला,
इस्त्रीच्या टेबलाला पकडीत आवळलेली जॉयस्टिक.
शेजारच्या खाटेवर शब्बीर हळदे, तोंडावर टॉवेल:
सावर्डेकर, रात्रभर विमानंच बघतोस ना रे?
मग घरी येऊन परत तेच?

बघतो. पण कुठून बघतो ते याला काय सांगू.
मागून, उजव्या अंगाने.
जेवणाच्या ट्रॉल्या घेऊन गाडी वर चढते, कण्हत,
आणि उंबऱ्याशी टेकते तेव्हा
फळी आणि विमान यांच्यात चार बोटांची फट उरते.
फटीतून खालचं डांबर दिसतं,
जूनच्या दमटपणात घामेजलेलं.
बारा वर्षं ती फट ओलांडतोय.
समोर कप्पे, बाजूला शौचालय,
त्यापुढे माझं विमान संपतं.
कॉकपिट म्हणजे खूप लांबवर
एक राखाडी, बंद दार.

फुकटचं जे विमान आहे माझ्याकडे, त्यात
दारं नुसती रंगवलेली आहेत,
पानटपरीच्या पत्र्यावर काढलेल्या खिडकीसारखी.
नव्यात तसं नाही म्हणतात.

दर गुरुवारी रात्री ते एखादं चित्र दाखवतात.
खुर्चीच्या हाताचं झिजलेलं कातडं,
लिव्हरपाशी कॉफीचा डाग,
काचेवर उन्हात चमकणारे ओरखडे.
कुणीतरी बसून ते एकेक काढलेत,
न झालेल्या प्रवासांचे ओरखडे.
मी चित्र मोठं करतो, अजून मोठं,
चौकटी चौकटी दिसेपर्यंत,
आणि सरकवत नेतो उजवीकडे, मागे.

चौदाव्या चित्रात सापडली आमची गाडी.
फळीवर पिवळं जाकीट घातलेला एक माणूस,
चेहरा अजून केलेला नाही,
सोललेल्या अंड्यासारखा गुळगुळीत.
टेकबहादूरला दाखवला.
बराच वेळ बघून म्हणाला, हा मी.
तू खाली गाडीत आहेस, म्हणून दिसत नाहीस.

किंमत बावीस दिनार सातशे फिल्स.
कार्ड शब्बीरचं.
खेळण्याला एवढे? असं म्हणून
तोच मग टॉवेलखालून विचारतो,
मुंबईला न्यायला किती वेळ लागेल याला?
तीन तास पस्तीस, खराखुरा वेळ.
आणि रत्नागिरीला?
तिथे हे उतरणार नाही, पट्टी लहान आहे.
खोटंच आहे ना? मग उतरव की,
म्हणतो, आणि कूस बदलतो.

आलं की आधी इंजिन लावणार नाही.
मुहर्रकचा स्टँड, पहाटेचे सव्वातीन,
वीज नसलेलं, थंड, काळोखं विमान.
पायलटच्या खुर्चीतून उठेन,
ते राखाडी दार आतून उघडेन
आणि चालत जाईन मागे,
रिकाम्या खुर्च्यांच्या ओळींमधून, घाई न करता,
कारण खाली कुणी घड्याळ दाखवत उभं नसेल.
उजवा चौथा. मूठ वर.
दार बाहेर सरकेल,
गाडी येऊन टेकेल,
आणि मी आतून, पहिल्यांदाच आतून,
बघेन फट ठेवलीय का.

नसेल, तर त्यांना कळवीन
माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत:
बाकी सगळं झकास, कॉफीचा डागसुद्धा.
फक्त उंबऱ्याशी चार बोटं सोडा.
माझी बोटं धरा,
टेकबहादूरची जाड आहेत.